रंगाची निवड आणि माणसाची नजर



गोव्यातील एका लग्नाचे छायाचित्र आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर मंडळी उभी आहेत. मागे चुना दिलेली पांढरी भिंत, माडाच्या झावळ्या आणि त्यांवर मे अखेरचे करडे आभाळ. मध्यभागी लाल साडीतील नवरी असून तिच्या शेजारी तिची आई उभी आहे. नवरीची मावशी हे छायाचित्र घेऊन बेळगावच्या एका लहानशा फोटो स्टुडिओत आली आणि म्हणाली, "भाऊ, आभाळ तेवढं निळं करून द्या."

मागणी साधी होती. परंतु ती पुरी करावयाची तर संगणकास आधी आभाळ कोणते ते सांगावे लागते, आणि संगणकास आभाळ ठाऊक नसते. त्याच्या लेखी छायाचित्र म्हणजे लक्षावधी सूक्ष्म चौकोनांची मांडणी. प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचे तीन आकडे येतात आणि प्रत्येक आकडा 0 पासून 255 पर्यंत असतो. या तिहींच्या मेळातून 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग संभवतात. छायाचित्रकार आभाळातील एका ठिकाणी खूण करतो आणि त्या रंगापासून किती अंतरापर्यंतचे रंग आपले मानावेत याची मर्यादा ठरवून देतो. त्या मर्यादेत जे जे चौकोन बसतील, ते सारे निवडले जातात.

खरी कसोटी लागते ती ही मर्यादा ठरविताना. ती अरुंद ठेवली, तर आभाळाचे तुकडे तुकडे हाती येतात. रुंद केली, तर आभाळाबरोबर चुन्याची भिंत येते, नवरदेवाचा सदरा येतो आणि आजीचे पिकलेले केसही येतात! कारण करडा आणि पांढरा यांत आकड्यांचे अंतर थोडे. एकमेकांस लागून असलेलाच भाग निवडावा अशीही सोय असते. पण मग झावळ्यांच्या फटींतून दिसणारे आभाळ सुटून जाते. तेव्हा सर्व ठिकाणचा तो रंग निवडावयाचा आणि भिंत, सदरा व केस हाताने वगळावयाचे, हाच मार्ग उरतो.

ही अडचण चित्रपटांच्या कारागिरांस फार पूर्वीच भेटली होती. 1940 साली 'द थीफ ऑफ बगदाद' हा रंगीत चित्रपट निघाला. म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबूची त्यात प्रमुख भूमिका होती. लॅरी बटलर यांनी नटांस निळ्या पडद्यापुढे उभे करून, तो निळा भाग वगळून, त्या जागी दुसरेच दृश्य बसविले. निळाच रंग घेण्याचे कारण असे की, मनुष्याच्या त्वचेत निळ्याचा अंश सर्वांत कमी असतो. पुढे अंकीय कॅमेरे आले. त्यांपैकी बहुतेकांत हिरवा प्रकाश टिपणारे बिंदू तांबड्या वा निळ्या बिंदूंच्या दुप्पट असल्यामुळे हिरव्या पडद्याचा प्रघात पडला. अशा पडद्यापुढे हिरवे वस्त्र नेसून कोणी उभे राहिले, तर ते वस्त्रही पडद्याबरोबर नाहीसे होते. चित्रपटाच्या मंचावर हे रंग आधी योजून मांडता येतात. लग्नाच्या अंगणात ते जसे असतील तसे घ्यावे लागतात.

निवडलेल्या भागाचा मुखवटा, म्हणजेच मास्क, तयार होतो. पूर्वी छापखान्यांत चित्राचा काही भाग झाकण्यासाठी लाल पारदर्शक पापुद्रा कापून लावीत. कारण छपाईच्या फिल्मला लाल प्रकाश जाणवत नसे. आजचा मुखवटा हा काळ्या-पांढऱ्या छटांचा एक अदृश्य पडदा आहे. जेथे तो पांढरा, तेथे बदल दिसतो. जेथे काळा, तेथे मूळ चित्र कायम राहते. आणि केसांच्या कडेसारख्या नाजूक जागी करडी छटा ठेवली की बदल अर्धवट उतरतो. याचा मोठा गुण हा की, मूळ चित्र पुसले जात नाही. केलेला बदल दूर केला की ते जसेच्या तसे पुन्हा समोर येते.

आभाळ निळे झाले. मावशी प्रसन्न झाली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, आता आमच्या पोरीचा चेहराही जरा उजळ करा ना."

छायाचित्रकाराने नवरीच्या गालावर खूण केली. पडद्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. नवरीबरोबर तिची आई, गोरा नवरदेव, सावळे मामा, सर्वांचे चेहरे निवडले गेले आणि पायऱ्यांचा जांभाही! मनुष्याचा वर्ण कोणताही असो, त्वचेची मूळ छटा तांबूस-नारिंगीच्या एका लहानशा पट्ट्यातच पडते. फरक मुख्यतः उजेडाचा आणि गडदपणाचा असतो. ज्या भेदापायी घराघरांतून मुलींस बोल ऐकावे लागतात, तो या छटेच्या हिशेबात जवळजवळ दिसतच नाही.

त्याने बाकीचे सारे झाकले आणि नवरीचा चेहरा तेवढा उजळ केला. मग तो बदल एकदा लावून, एकदा काढून दाखविला व म्हणाला, "काकू, दोन्ही नीट बघा."

मावशी बराच वेळ पाहत राहिली. उजळ चित्रातील मुलगी देखणी होती. पण शेजारी उभ्या असलेल्या आईची ती मुलगी वाटत नव्हती. आईची गव्हाळ कांती, गालावरील सावली, हनुवटीचा उतार यांतील जे लेकीत उतरले होते, ते त्या उजेडात विरून गेले होते.

"राहू द्या," मावशी म्हणाली, "आईसारखीच दिसू दे तिला."

छायाचित्रकाराने तो बदल काढून टाकला, निळे आभाळ राहू दिले आणि चित्र छपाईस पाठविले. यंत्राने रंग अचूक वेचले होते. त्यांतील कोणता बदलावा आणि कोणता राखावा, हे मात्र त्या बाईंनी ठरविले.