कुलूप नसलेली डबी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. दर वार्षिक सभेत मी हिशेबावर बोलतो, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत. घाबरू नका! आज एका खेळाविषयी सांगणार आहे. तो आपल्या सोसायटीच्याच वयाचा आहे.

मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, त्यामुळे सामान्य माणसालाही नेमकी जागा कळू लागली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत वही-पेन्सिल आणि काही वस्तू होत्या. नियम साधा. काही घेतलंत तर काही ठेवा आणि वहीत नोंद करा. हेच जिओकॅशिंग. आज जगभर अशा तीस लाखांहून जास्त डब्या आहेत.

गेल्या वर्षी मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू यांच्याबरोबर आम्ही दोघं हवाईला गेलो. ओआहू बेटावर आइएआ नावाची पायवाट आहे, साधारण पावणेआठ किलोमीटरची. तिच्या सुरुवातीलाच केआइवा हेइआउ लागतं. हेइआउ म्हणजे हवाईच्या मूळ लोकांचं देवस्थान. हे उपचारांचं होतं. इथे वैद्य औषधी वनस्पतींनी रोग्यांना बरं करत आणि शिष्यांना शिकवत. आता उरल्यात त्या दगडावर दगड रचलेल्या बुटक्या भिंती, चुना-माती काही नाही. १८१९ साली दुसऱ्या कामेहामेहा राजाने जुनी धर्मव्यवस्था मोडली, त्यानंतर अशी ठिकाणं ओस पडली.

आमची सौ. तिथल्या झाडांपाशीच थबकली. ‘अहो, ही तर आपली बारतोंडी!’ तिथे तिला नोनी म्हणतात. नोनी, हळद, अळू हे सगळं त्या लोकांच्या पूर्वजांनी होड्यांतून समुद्रापार आणलं. हळद तर तिथेही औषधाला आणि धर्मकार्याला लागते. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं तिला.

नातवाने भिंतीतला एक दगड उचलायला हात पुढे केला. सूनबाईंनी थांबवलं, ‘इथलं काही हलवायचं नाही.’ डबी त्या आवारात नव्हतीच. ती पुढे वाटेवर होती. डबीसाठी परवानगीशिवाय जमीन खणायची नाही आणि ज्याची जागा त्याची परवानगी घ्यायची, असा या खेळाचा नियम आहे.

वाट चिखलाची, मुळांची. झाडी दाट, त्यामुळे फोनवरचा बाण भरकटायचा. माझे गुडघे बोलायला लागले, तरी चाललो. शेवटी नातवाने एका बुंध्यामागे प्लास्टिकची डबी शोधलीच. उघडली तर आत पाणी आणि वहीचा लगदा! त्याचं तोंड एवढंसं झालं.

सूनबाईंनी सॅकमधून कोरडे कागद आणि पिशवी काढली. मुलाने डबी पुसली आणि झाकण सैल झाल्याचं डबीच्या मालकाला फोनवरून कळवलं. मी विचारलं, ‘अरे, याचे पैसे कोण देतं?’ तो म्हणाला, ‘कोणीच नाही, बाबा. ज्याला सापडली, त्याने बघायचं.’

मंडळी, मी बँकेतला माणूस. लॉकरला दोन किल्ल्या, व्हाउचरवर दोन सह्या, तरी मार्चअखेरीला झोप नसायची. इथे ना कुलूप, ना पहारा.

नव्या कागदावर मी मराठीत आमची नावं लिहिली. नातवाने पाहून पाहून खाली स्वतःचं नाव देवनागरीत काढलं. पहिल्यांदाच! परतताना त्याने वाटेवरचा कचराही पिशवीत गोळा केला. तीही या खेळाचीच पद्धत.

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी कित्येकांची मुलं बाहेरगावी, परदेशी आहेत. आपण सत्तरी ओलांडली. ही इमारत पुढे कोण बघणार, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि ‘कमिटी बघेल’ म्हणून संपतो. कमिटीवर यायला मात्र कोणी तयार नसतं. जिन्यातला दिवा गेला, टाकी वाहू लागली, तर आपण आपलं दार लावून घेतो. वॉचमन पगारी आहे, पण आपुलकी पगारावर मिळत नाही.

नवीन राहायला आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या तरुण कुटुंबांनाही मी हेच सांगेन. जिना तुमचाही आहे. ज्याला दिसलं, त्याने बघायचं. एवढा एक ठराव आज मनातल्या मनात मंजूर करू या. सूचक मी आहे, अनुमोदक तुम्ही व्हा.