फाईल उघडणारा वेगळा, वाचणारा वेगळा

आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगतो. आहे कोडची, पण सुरुवात दुधापासून होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका दूध संकलन केंद्रासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. नोंदींची सीएसव्ही फाईल वाचायची, फॅट आणि एसएनएफवरून दर काढायचा, १० दिवसांचं बिल बनवायचं. सगळं एकाच फंक्शनमध्ये. फाईलचा पत्तासुद्धा आतच लिहिलेला, माझ्या लॅपटॉपवरचा! टेस्ट होती एकच, आणि तीही एका छान, स्वच्छ फाईलवर.

मग एका आजोबांच्या बिलात ३ दिवसांच्या दुधाचे शून्य रुपये आले. फॅटचं मशीन बंद होतं, रकाना रिकामा राहिला आणि माझ्या कोडने रिकाम्याचं शून्य केलं. आजोबांचा फोन आला, "पोरा, माझी म्हैस तीन दिवस पाणी देत होती का रे?" मला काही बोलताच येईना.

हे आधी का तपासलं नाही? कारण प्रत्येक टेस्टसाठी नवी फाईल बनवा, योग्य जागी ठेवा, नंतर पुसा. कंटाळा यायचा. म्हणजे दोष कोडच्या रचनेतच होता.

मग मी तीन कामं वेगळी केली. एक, फाईल उघडणं. दोन, ओळींच्या नोंदी बनवणं. तीन, पैसे काढणं. दुसऱ्या फंक्शनला आता पत्ता देतच नाही, फक्त ओळी देतो. पायथनमध्ये उघडलेली फाईल फॉर लूपमध्ये एकेक ओळ देते, आणि ओळींची साधी लिस्टही तेच करते. ओळी कुठून आल्या, याच्याशी त्या फंक्शनला देणंघेणं नाही. त्यामुळे टेस्टमध्ये दोन ओळींची लिस्ट लिहिली की काम झालं! कुठे फाईलच हवी असेल, तर स्ट्रिंगआयओ आहे, म्हणजे मेमरीतली लुटुपुटूची फाईल.

मग टेस्ट भराभर लिहून झाल्या. रिकामा फॅट, मधेच कोरी ओळ, लिटरच्या जागी अक्षरं. रिकामा फॅट आता शून्य होत नाही, ती नोंद 'तपासा' यादीत जाते.

पण खऱ्या फाईलची टेस्ट पूर्ण सोडू नका हं. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं की सुरुवातीला ३ बाइटची अदृश्य खूण येते, तिला बॉम म्हणतात. साधं यूटीएफ-८ म्हणून उघडलं तर ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि तो रकाना सापडतच नाही. 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंग दिलं की ती गळून पडते. ही चूक उघडण्यातली, लिस्टवाल्या टेस्टला ती दिसणार नाही. त्यासाठी पायटेस्टच्या टीएमपी-पाथने एक छोटी खरी फाईल बनवून तपासा.

आजोबांना पुढच्या बिलात फरक मिळाला. मला धडा मिळाला.

आज घरी गेल्यावर तुमचं कोड उघडा. फाईल उघडणारं आणि हिशोबही करणारं एक तरी फंक्शन सापडेलच. त्याचे दोन तुकडे करा. भेटू पुढच्या भागात!