मापाचा श्वास

लखनौच्या विकास नगरालगतच्या रिंग रोडवर वाहनांची सतत वर्दळ असते. अशा रस्त्यावर कोणाची छाती चेचली जाऊन त्याला किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये आणले, की आप्तांचे पहिले मागणे व्हेंटिलेटरचे असते. डॉक्टरांनी तो लावला नाही, तर हेळसांडीची शंका येते. ही शंका स्वाभाविक खरी. परंतु एके काळी वैद्यकशास्त्राचाही ओढा यंत्राकडेच होता.

लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या, म्हणजे छातीचा तेवढा भाग सुटा होतो. श्वास घेताना सारी छाती फुगते आणि हा तुकडा मात्र आत ओढला जातो. दृश्य इतके भयंकर, की वैद्यांची नजर हाडांवरच खिळून राहिली. 1956 मध्ये एव्हरी, मर्च व बेन्सन यांनी यंत्राने हवा भरून छातीला आतून आधार देण्याची पद्धत मांडली, आणि पुढे ती सर्रास रूढ झाली.

1975 मध्ये ट्रिंकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मुख्य घाव हाडाला नसून त्याखालच्या फुप्फुसाला असतो. ठेचलेल्या फुप्फुसात रक्त व पाणी झिरपते. त्यातच वेदनेमुळे रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया जडतो. म्हणून आधी वेदना शमवावयाची. त्यासाठी पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून औषध देतात. प्राणवायू देतात, रोग्याला खोकावयास लावतात. फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठले असेल, तर छातीत नळी घालून ते काढतात. एवढ्याने पुष्कळांना यंत्र लागतच नाही.

तरीही दम संपू लागला, तर यंत्राला पर्याय नाही. मात्र तेथेही सढळ हात घातक ठरतो. विविध कारणांनी फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या 861 रोग्यांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. किलोमागे 12 मिलिलिटरऐवजी 6 मिलिलिटरचा श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. यातील किलो काट्यावरचे नव्हेत. ते उंचीवरून काढतात, कारण अंगावर मांस चढले म्हणून फुप्फुस वाढत नाही. त्यामुळे बेशुद्ध रोग्याची उंची खाटेवरच टेपने मोजावी लागते. माप 60 किलोचे निघाले, तर एका श्वासाला 360 मिलिलिटर हवा.