आकाशातले डाग



फोटोंविषयी रेडिओवर बोलायचं हे जरा अवघड काम आहे. तरी बोलते, कारण उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका गोष्टीमुळे. वाऱ्यामुळे.

पहिली दोन वर्षं माझ्याकडे शेपट्यांचा मोठा संग्रह होता. घारीची शेपटी, कापशी घारीची शेपटी, शिक्र्याची शेपटी; सगळ्या माझ्यापासून दूर चाललेल्या. लेन्स कमी पडते असं वाटून मी पदरमोड करून ४०० मिलिमीटरची लेन्स घेतली. शेपट्या मोठ्या दिसायला लागल्या.

पक्षी झेप घेताना आणि उतरताना बहुधा वाऱ्याकडे तोंड करतो. वारा आपल्या पाठीमागून येत असेल, तर त्याचं तोंड आपल्याकडे. समोरून येत असेल, तर आपल्या वाट्याला शेपटी. कापशी घार किंवा खरूची हवेत एका जागी पंख मारत थांबते, तीही वाऱ्याकडे तोंड करूनच. त्यात सूर्यही पाठीशी असेल, तर दुसरं काय हवं? हिवाळ्यात आपल्या पठारावर वारा बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणून सकाळच्या वेळी ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर घेऊन उभं राहता येतं. हे कळल्यापासून मी माळावर गाडीतून उतरले की आधी चिमूटभर वाळलेलं गवत हवेत सोडते. बरोबरचे लोक हसतात. हसू देत.

आता वेगाचा हिशेब. ताशी ४५ किलोमीटरनं जाणारा पक्षी सेकंदाच्या २५० व्या भागात ५ सेंटीमीटर पुढे सरकतो. म्हणजे चोच, डोळा, सगळंच पुसट. शटर २००० व्या भागावर ठेवलं तर तोच पक्षी फक्त ६ मिलिमीटर सरकतो, आणि तेवढं कॅमेरा हलवून आपण भरून काढतो. फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली पक्ष्यांचं उड्डाण टिपायला चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला होता. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा; सेकंदाला १२ चित्रं. आजचे कॅमेरे सहज २० काढतात, पण नेम मात्र अजून माणसालाच धरावा लागतो.

तो सराव घारीवर करावा. घार आपल्या गावातल्या मटणाच्या दुकानावर, कचऱ्याच्या ढिगावर, गच्चीवर, कुठेही भेटते. ऊन तापलं की घिरट्या घेत वर चढते, शेपटी सुकाणूसारखी पिळते, आणि शिकाऊ माणसाला पुन्हा पुन्हा संधी देते. घार तपकिरी, डोळा काळसर, मागे पांढरंफटक आभाळ. कॅमेरा आभाळ बघून उजेड कमी करतो आणि घारीचा कोळसा होतो. म्हणून तिथे एक स्टॉप उजेड वाढवायचा. लोक घारीला फार साधी समजतात. मला तसं वाटत नाही. जिला घार नीट टिपता आली, तिला गरुडाची भीती नाही.

मी मात्र ऑस्प्रेपाशी अडकले. भीमेवरच्या उजनी धरणाचा पाणफुगवटा भिगवणजवळ पसरलेला आहे. तिथे हिवाळ्यात हा पाहुणा येतो. पोट आणि डोकं पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी, बुबुळ पिवळं. मासा दिसला की हा पाय पुढे टाकून पाण्यात घुसतो, कष्टानं वर येतो, आणि थोड्या उंचीवर गेला की ओलं कुत्रं झटकतं तसं उडता उडता अंग झटकतो. माशाला तो पायात बहुतेक वेळा तोंड पुढे करून धरतो. हवेला अडथळा कमी. घारीच्या उलट इथे मागे काळसर पाणी आणि पुढे पांढरा पक्षी, म्हणून उजेड कमी करावा लागतो. नाहीतर डोक्यावरची पिसं कागदासारखी कोरी होतात, आणि एकदा कोरी झाली की संगणकावर परत येत नाहीत. अंधारातलं थोडंफार मागवता येतं, जळालेलं नाही. नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडी लेन्स असो, चहा प्यायला जावं.

एका जानेवारीत मला ते अंग झटकणं मिळालं. मी बसले होते ती नाव स्थिर होती, ऊन पाठीशी. पंखांखालची सावलीसुद्धा पाण्यावरून परतलेल्या उजेडानं उजळली होती. घरी येऊन मी रॉ फाईल उघडली आणि फोटो सजवायला बसले. डोळ्यापुरती धार वाढवली. ती सगळ्या पक्ष्याला लावली तर पंखांच्या कडेनं पांढरी किनार उमटते, पक्षी कात्रीनं कापून आभाळावर चिकटवल्यासारखा दिसतो. नंतर आभाळातले बारीक ठिपके एकेक करून पुसले. कॅमेऱ्यात धूळ गेली की असे ठिपके येतात. तासभर पुसत होते. चाळीसेक पुसून झाल्यावर लक्षात आलं की ही धूळ नव्हे, त्यानं झटकलेलं पाणी आहे. ज्यासाठी तीन हिवाळे गेले, तेच मी साफ करत होते.

तेव्हापासून मी पुसण्याबाबत कंजूष झाले. त्याच फोटोत एका पंखात एक पीस नव्हतं, तिथे फट दिसत होती. ती भरून काढायचा मोहही सोडला. शिकारी पक्षी पिसं टप्प्याटप्प्यानं बदलतात, आणि कुठलं पीस गळलंय, कुठलं नवं आलंय, यावरून जाणकार पक्ष्याचं वय ताडतात. हल्ली तर संगणक स्वतःहून पिसांवर पट्टे काढून देतो. ते पट्टे त्या पक्ष्याच्या अंगावर कधी नव्हतेच.

थेंब परत आणून, थोडी चौकट आवळून मी तो फोटो छापला आणि पुढच्या खेपेला नावाडी मामांना नेऊन दिला. त्यांनी तो उन्हात धरला. पक्ष्याकडे फारसं बघितलं नाही.

"चिलापी हाय," म्हणाले. "पावकिलो तरी असंल."

मग फोटो जरा तिरपा करून विचारलं, "पण ताई, माशाची शेपूट कुठं गेली?"

चौकट आवळताना ती मीच कापली होती.