हजेरी घेताना

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तू तर इंजिनिअर झालीस, कॉम्प्युटरमध्ये होतीस, मग मनुष्यबळ विभागात कशी गेलीस?" उत्तर थोडं लांब आहे, म्हणून माईकवरूनच देते.

पंधरा वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. शेवटची काही वर्षं माझ्याकडे एक टीम होती. तिथे दर वर्षी अप्रेझल व्हायचं आणि प्रत्येकाला एक ते पाच असं रेटिंग मिळायचं. पण वरचं रेटिंग किती जणांना आणि खालचं किती जणांना द्यायचं, हे आधीच ठरलेलं असे. याला 'बेल कर्व्ह' म्हणतात, म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख. माझ्या टीममध्ये अकरा जण होते. काम सगळ्यांचं बरं होतं, तरी एकाला तळाला टाकणं भाग होतं.

मी एका मुलाला टाकलं. त्याने पूर्ण केलेल्या कामांचा आकडा सगळ्यात कमी होता आणि मीटिंगमध्ये तो फारसा बोलत नसे. रेटिंग सांगितलं तेव्हाही एवढंच म्हणाला, "ठीक आहे, मॅडम." दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. जाताना भरायच्या फॉर्मवर कारण लिहिलं, 'चांगली संधी'.

तो गेला आणि उरलेल्या दहा जणांची कामं रखडू लागली. चौकशी केली तेव्हा कळलं, की कुणाचंही अडलं की सगळे त्याच्याकडे जायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधून देण्यात त्याचा अर्धा दिवस जायचा आणि त्याची नोंद माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. मी त्याला फोन करून माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, दिवसभर काय करतोस, असं एकदा तरी विचारायचं होतं."

ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. इंजिनिअर म्हणूनही मला लाज वाटली. हजारो माणसांची उंची मोजली तर आलेख साधारण घंटेसारखा येतो, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. पण पारखून निवडलेल्या अकरा जणांवर तो लादायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं. मोठ्या कंपन्यांनाही ते उशिराच कळलं. मायक्रोसॉफ्टने माणसांची अशी उतरंड लावणं 2013 साली बंद केलं. अडोबीने त्याच्या आदल्या वर्षी वार्षिक रेटिंगच काढून टाकलं आणि वर्षभर अधूनमधून बोलत राहायची पद्धत आणली.

त्यानंतर मनुष्यबळ विभागात यायची संधी आली, तेव्हा मी हो म्हटलं. पण खोड जाते कुठे? आल्या आल्या मी एक ॲप बनवून घेतलं. रोज संध्याकाळी प्रत्येकाने हसरा किंवा रडका चेहरा दाबायचा, नाव कुणाला कळणार नाही. तीन महिने सगळी कंपनी हसत होती आणि त्याच तीन महिन्यांत नऊ राजीनामे आले. चार जणांच्या टीममध्ये निनावी कोण राहतं? रडका चेहरा कुणाचा, हे साहेबाला लगेच कळणार, म्हणून सगळे हसत होते.

मग ॲप बंद केलं आणि साध्या गोष्टी सुरू केल्या. प्रत्येक टीमप्रमुखाने महिन्यातून अर्धा तास आपल्या प्रत्येक माणसाशी एकट्याने बोलायचं, लॅपटॉप मिटून. सोडून जाणाऱ्याला 'का चाललास' हे आपण विचारतोच. राहिलेल्यालाही विचारायचं, "इथे का थांबला आहेस? कशामुळे जावंसं वाटेल?" रेटिंग ठरवण्याआधी टीममधल्यांना विचारायचं, "अडलं की तू कुणाकडे जातोस?" या एका प्रश्नातून तक्त्यात न दिसणारी माणसं दिसतात. आणि वाईट बातमी ईमेलने कळवायची नाही, समोर बसून सांगायची.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगते. मी तुमचं ऐकेन, पण मी पगार कंपनीचाच घेते. सगळं गुपित ठेवीन, असं वचन मी देत नाही. कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला पुढे जावंच लागेल. हे ऐकून लोक गप्प बसतील, अशी मला भीती होती. पण खोटं वचन दिलं नाही, म्हणूनच ते जास्त मोकळे झाले.

आपल्यातले काही जण कारखाना चालवतात, कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना. त्यांना मैत्रीण म्हणून दोन शब्द सांगते. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी स्त्रीच असावी लागते आणि एक सदस्य बाहेरचा लागतो. तक्रार येईपर्यंत थांबू नका. दुसरं, 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली आहे. रजेवरून परतणाऱ्या बाईला तिचं आधीचंच काम द्या. 'आता तुला झेपणार नाही' हे तिच्या वतीने आपण ठरवायचं नसतं.

आता शेवटचं. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आपल्या वर्गात साठ मुलं होती. हजेरी घेताना तुम्ही प्रत्येक नावाला मान वर करून बघायचात. कॅटलॉगमध्ये बघून नुसती टिकमार्क केली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आठवीत माझे वडील आजारी होते. मी नेहमीसारखंच "हजर" म्हटलं, तरी तास संपल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि विचारलंत, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

त्या मुलाला मी हेच विचारलं नव्हतं. आता माझ्या यादीत चारशे नावं आहेत. सगळ्यांकडे मान वर करून बघणं मला एकटीला जमत नाही, म्हणून टीमप्रमुखांना ते शिकवते. कधी जमतं, कधी राहून जातं. राहून गेलं की तो फोन आठवतो.