"कुणी हात लावला?" हे नंतर विचारा

आम्ही श्रीपूरच्या बचत गटातल्या जणी बोलतोय. आजचा विषय आहे घरातल्या कॉम्प्युटरचा. मुलांचा अभ्यास, उसाच्या बिलाचा हिशेब, गटाच्या कर्जाचे हप्ते, सगळं आता त्यात असतं. एखाद्या दिवशी तो विचित्र वागायला लागतो आणि घरात पहिला प्रश्न येतो, "कुणी हात लावला?" पोरगं असो की सून, बोलणी बसतील म्हणून कुणी तोंड उघडत नाही. खरं नुकसान या गप्प बसण्यानं होतं.

व्हायरस शिरला यात लाज कसली? २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांनी असाच घातक प्रोग्रॅम घुसवला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लंपास केले. जाणती माणसं पगारावर ठेवणाऱ्या बँकेचं असं झालं, तर आपल्या पोराला धारेवर धरून काय उपयोग?

आधी खूण ओळखा. कॉम्प्युटर नुसता मंद झाला म्हणजे व्हायरसच, असं नाही. जागा भरली, आत धूळ साचली, मशीन जुनं झालं तरी तो रेंगाळतो. पण आपण न टाकलेला प्रोग्रॅम दिसला, पानं आपोआप उघडायला लागली, फायलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या, तर शंका घ्या.

अशा वेळी काय करायचं? लम्पी आला तेव्हा आपण आजारी जनावर आधी वेगळं बांधलं. तसंच इथं करायचं. इंटरनेट बंद करा, मोबाईलचं हॉटस्पॉटही बंद करा. त्याला लावलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू नका. मग "विंडोज सिक्युरिटी" उघडून पूर्ण तपासणी, म्हणजे फुल स्कॅन, चालू करा. वेळ लागतो, लागू द्या. जमलं नाही तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या मोबाईलवरून.

एक सोंग मात्र नीट ओळखा. स्क्रीनभर लाल पाटी येते, भोंगा वाजतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा." तो फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. बहुतेक वेळा ती पाटी म्हणजे नुसतं एक वेबपान असतं. ते बंद होत नसेल तर चालू-बंद करायचं बटण दाबून धरा आणि मशीनच बंद करा. पुन्हा चालू केल्यावर ते पान परत उघडू नका. फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी एनीडेस्कसारखं ॲप घेऊन कॉम्प्युटर त्याच्या हाती देऊ नका. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

पैसे गेलेच, तर रडत बसू नका, तडक १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितकी घाई कराल, तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची आशा जास्त. घरच्यांना कसं सांगू, या विचारात गेलेला एक तासही महागात पडतो.

आणि कॉम्प्युटर चांगला आहे तोवरच एक काम करून ठेवा. महिन्यातून एकदा गटाचा हिशेब आणि घरचे फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो काढून कपाटात ठेवा. गटाची कागदी वहीसुद्धा मोडीत काढू नका. तिला व्हायरस लागत नाही.

आज जेवायला बसाल तेव्हा पोरांना आणि सुनेला एवढं सांगा, "स्क्रीनवर वेगळं काही दिसलं तर लगेच हाक मार, कुणी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका.