बांबूचं पेन, किटशिवाय



मागच्या मेळाव्यात आमच्या टेबलावर बांबूची पेनं मांडलेली बघून बऱ्याच जणींनी एकच विचारलं, "किट कुठून मागवता?" आम्ही म्हटलं, किट नाहीच. "मग होतं कसं?" तिथल्या गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज रेडिओवर सांगतो. आधी चुका सांगतो, कारण पैसे त्यांतच गेले.

सुरुवात आम्ही किटनेच केली होती. किट म्हणजे पितळेची नळी, टोक, क्लिप, आणि फिरवलं की रिफील बाहेर येते तो भाग. आपण फक्त वरचं लाकूड नाहीतर बांबू घालायचा. एका किटला ६० रुपये, आणि २०० किट घेतले तरच तो पुरवठादार पाठवणार. आमच्या अकरा जणींच्या गटाने १२ हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं. किट आले तेव्हा कळलं की नळी बसायला बांबूला आतून अगदी मापाचं भोक लागतं आणि बाहेरून गोल करायला लेथ. तालुक्याच्या एका सुतारदादांकडे जायचो, ते पेनामागे २५ रुपये घ्यायचे. म्हणजे आमचा हात लागायच्या आधीच ८५ रुपये गेले. दीडशेला विकू म्हणालो होतो, प्रदर्शनात शंभरालाही घासाघीस झाली. त्यात उरलेल्या पाकिटांतल्या नळ्या कमीजास्त मापाच्या निघाल्या. परत पाठवायचा खर्च आमच्यावर. नव्वदएक किट ग्रामसंघाच्या कपाटात पडून राहिले आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला उभा.

त्या बैठकीत वातावरण चांगलं नव्हतं. ज्यांनी आग्रह धरला होता त्या गप्प, ज्यांनी नको म्हटलं होतं त्या जास्तच बोलत होत्या. तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी मुलाच्या दप्तरातलं पाच रुपयांचं पेन काढलं आणि सतरंजीवर सुटं करून ठेवलं. एक नळी, एक टोक, एक टोपण, एक रिफील. म्हणाल्या, "यातलं आपल्याला काय येत नाही ते सांगा."

येत नव्हती फक्त रिफील. ती विकतच घ्यावी लागते. तिच्या टोकाला मोहरीपेक्षाही लहान गोळी फिरत असते, ती काही चुलीपाशी बसून होणारी वस्तू नव्हे. बाकी सगळं बांबूत होतं. आणि बांबूने लिहिणं आपल्याकडे नवीन थोडंच आहे? मोडीतली जुनी दप्तरं बोरूनेच लिहिलेली. बोरूला तर रिफीलही लागत नाही, पण आज बँकेची स्लिप बोरूने कोण भरणार!

आता बांबूचं सांगतो. आम्ही सिंधुदुर्गातल्या, आमच्याकडे माणगा भरपूर. त्याची भिंत जाड असते, त्यामुळे शेंड्याकडच्या आणि फांद्यांच्या पेरांत पेनाला हवी तशी बारीक पोकळी मिळते. तुमच्याकडे मानवेल असेल तर त्याच्या फांद्या बघा. काठी किमान तीन वर्षांची हवी. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी असते, ती सुकताना आक्रसते आणि चिरते. तोड पाऊस संपल्यावर थंडीत करा, आणि तुकडे दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. बांबूतलं पिठूळ सत्त्व निघून गेलं की भुंगा कमी लागतो. वास येतो, घरातले नाकं मुरडतात, मुरडू देत. नंतर महिनाभर सावलीत वाळवा. आम्ही घाईने पहिला घाणा उन्हात टाकला होता, तो सगळा फुटून सरपणात गेला. बांधावरचा बांबू तोडायची भीती काही जणींना अजून वाटते. २०१७ साली कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून काढला आहे. आपल्या जमिनीतला बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याचा परवाना लागत नाही. जंगलातला मात्र वेगळा, त्याला हात लावू नका.

तुकडा कोयतीने तोडू नका, हॅक्सॉ ब्लेडने कापा, म्हणजे कडेला फाटत नाही. एका टोकाला गाठ ठेवायची, तीच पेनाची मागची बाजू. लांबी टेपने नको, रिफील शेजारी धरून घ्या. रिफीलचं मागचं टोक गाठीला टेकलं पाहिजे, नाहीतर लिहिताना दाब पडला की ती आत सरकते.

पुढच्या तोंडाला लाकडाची बारीक खुंटी लागते, मधून रिफील जाईल अशी. या खुंटीने आम्हाला आठवडाभर रडवलं. बारीक खुंटी तासून तिला भोक पाडायला गेलो की भोक एका बाजूला जायचं नाहीतर खुंटी दुभंगायची. मग आमच्यातल्या एका काकूंनी उलटं केलं. आधी जाड तुकड्याला हातड्रिलने तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, आणि मग भोक मध्ये राहील असं बाहेरून तासत आणलं. इतकं साधं! पण कुणाला सुचलं नव्हतं. भोक एकदम मोठं करू नका, रिफील घट्ट बसली पाहिजे. खुंटी सैल वाटली तर सुती दोऱ्याचे दोन वेढे द्या. गोंद लावायचा नाही.

गोंदाचं का सांगते आहोत, ते ऐका. पहिली मोठी मागणी संक्रांतीची होती, हळदीकुंकवाचं वाण म्हणून ३० पेनं. आम्ही खूश होतो, कारण पेन हे वाण कुणालाही देता येतं, विधवा बाईलाही, कुणी भुवया उंचावत नाही. पेनं गेली. चार दिवसांनी अंगणवाडीच्या मदतनीस मावशी रस्त्यात भेटल्या. "गो, तुमचो पेन मुको झालो!" एकेक करत निम्म्या पेनांचं तेच. उघडून बघितलं तर खुंटीला लावलेला गोंद ओघळून मागे गेला होता आणि रिफीलचं मागचं तोंड बंद झालं होतं. शाई खाली उतरायची तर मागून हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार कशी अडते, तसंच हे. विकतच्या पेनाच्या अंगावर बारीक छिद्र असतं ते त्यासाठीच, आणि आम्ही ते इतकी वर्षं बघत होतो. सगळी पेनं परत घेतली, नवी फुकट दिली. आता रिफीलचं शाई नसलेलं मागचं टोक आम्ही तिरकं कापतो, आणि गाठीजवळ तापवलेल्या दाभणाने छिद्र पाडतो. टोपणालाही वर छिद्र ठेवा. लहान मुलाने चुकून गिळलं तर श्वासाला वाट राहते.

पॉलिश पेपर आधी जाडा, मग बारीक. शेवटी तेल. आमच्याकडे खोबरेल हाताशी, तेच लावलं, आणि गुरुजींच्या शर्टाच्या खिशाला डाग पडला. खोबरेल सुकत नाही. जवसाचं तेल सुकतं, ते लावा, जास्तीचं पुसा, पूर्ण सुकेपर्यंत टांगून ठेवा. पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं गुंडाळलेलं राहिलं तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

आता हिशेब. रिफील ३ रुपये, बांबू, दोरा, तेल, पेपर मिळून ४. सात रुपयांचं पेन आम्ही वीसला विकत होतो आणि १३ रुपये फायदा म्हणून वहीत लिहीत होतो. ती वही बघून एका सूनबाईने विचारलं, "दिवसाला किती होतात?" एका बाईच्या हातून बारा. म्हणजे दिवसाचे १५६ रुपये, रोजगार हमीपेक्षाही कमी. तो फायदा नव्हताच, ती आमचीच मजुरी होती, तीही अर्धीमुर्धी. आता पेनामागे २५ रुपये मजुरी आधी धरतो, खर्च ३२ होतो, आणि ४५ च्या खाली पेन देत नाही. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

खरं सांगायचं तर किटचं पेन दिसायला जास्त चकचकीत होतं. आमच्यातल्या दोघी अजून तसं म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. शहरात भेट म्हणून ते खपेल. पण रिफील संपली की ती कुठली बसते हे गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. आमच्या पेनाची रिफील गावातल्या दुकानात मिळते आणि खुंटी ओढली की निघते. म्हणून आमची सूचना अशी, की आधी दहाच पेनं करा. घरच्या मुलांना शाळेत महिनाभर वापरू द्या. मुकी किती झाली ते मोजा आणि मगच मागणी घ्या. पेनासाठी कर्ज तर काढूच नका, हातड्रिल आणि ब्लेड गटाच्या बचतीत येतं.

आमच्या कर्जाचा शेवटचा हप्ता या संक्रांतीला फिटला. कपाटातल्या किटचं काय केलं, तेही विचारलं होतं काही जणींनी. त्यांच्या पितळी नळ्यांच्या आम्ही ब्लेडने बारीक कड्या कापतो आणि खुंटीच्या तोंडाशी बसवतो, म्हणजे खुंटी फुटत नाही. एका नळीच्या सात-आठ कड्या होतात. अजून साठेक नळ्या शिल्लक आहेत.